कीटकांच्या छायाचित्राखाली फ्रेमची संख्याही छापावी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्या पुरवणीत वाचकांनी टिपलेली कीटकांची छायाचित्रे येऊ लागतात आणि मी ती दरवर्षी आवडीने पाहतो. अलीकडे त्यांतील बरीच चित्रे डोळ्यांपासून पंखांच्या टोकापर्यंत सारखीच रेखीव असतात. ही रेखीवता बहुतेक वेळा ‘फोकस स्टॅकिंग’मधून, म्हणजे फोकस किंचित किंचित सरकवत घेतलेल्या अनेक फ्रेम (स्वतंत्र छायाचित्रे) संगणकावर एकत्र करून आलेली असते. चित्राखाली मात्र कीटकाचे आणि छायाचित्रकाराचे नाव एवढेच असते. त्या ओळीत आणखी थोडी माहिती यावी, एवढ्यासाठी हे पत्र.

तंत्राला माझा विरोध नाही. मी स्वतः ते वापरतो. कीटक सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या भागावर, त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटवायचा म्हटले, तर मोठ्या सेन्सरच्या ‘फुल फ्रेम’ कॅमेऱ्यात अॅपर्चर (भिंगातले प्रकाश येण्याचे छिद्र; एफचा आकडा मोठा तितके ते बारीक) एफ ८ ठेवूनही जेमतेम १ मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळा धरला की मिशा पुसट होतात. अॅपर्चर आणखी बारीक करून एफ २२ वर गेले, तर इतक्या जवळून ते प्रत्यक्षात एफ ४४ सारखे वागते आणि विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते. त्यामुळे एकाच फ्रेममध्ये पूर्ण कीटक रेखीव मिळणे जवळजवळ अशक्य असते.

लेव्हॉन बिस या ब्रिटिश छायाचित्रकाराने हे तंत्र कुठवर नेले, ते २०१६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील त्याच्या प्रदर्शनात दिसले. संग्रहालयातील कीटकाचे सुमारे ३० भाग कल्पून प्रत्येक भागाला वेगळी प्रकाशयोजना द्यायची, कॅमेरा दर फ्रेमला १० मायक्रॉन (मिलिमीटरचा शंभरावा भाग) पुढे सरकवायचा आणि अशा ८ ते १० हजार फ्रेममधून एक चित्र घडवायचे, अशी त्याची पद्धत होती. नमुने संग्रहातले, मृत आहेत आणि फ्रेम हजारो आहेत, हे त्याने उघडपणे सांगितले. ते कळल्याने चित्रांचे मोल कमी झाले नाही; उलट भुंगेऱ्याच्या पाठीवरचे खळगे पाहताना त्यामागची मेहनतही दिसू लागली.

जिवंत कीटकाची गोष्ट निराळी आहे. आमच्याकडे निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्यांचे नर संध्याकाळी गवताच्या काडीला जबड्याने धरून झोपतात. पहाटे, वारा नसेल आणि अंगावर दव असेल, तेव्हा अशा माशीच्या वीस-पंचवीस फ्रेम मिळू शकतात. पण मध्येच तिने मिशी हलवली, तर सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममधला रेखीव भाग उचलून एका मिशीच्या दोन करते. पाय आणि मिशी एकमेकांवरून जात असतील, तर तिथे धूसर वलय उमटते किंवा मागचा अवयव तुटलेला दिसतो. हे दोष नंतर हाताने दुरुस्त करावे लागतात. आज कितीतरी हौशी निरीक्षक छायाचित्रावरूनच कीटकाची जात ठरवतात आणि त्यासाठी मिशीचे खंड, पायावरचे केस मोजतात. त्यांना दुरुस्त केलेली मिशी खरी वाटली, तर ओळखच चुकू शकते.

याहून जास्त टोचणारी गोष्ट म्हणजे कीटक हलू नये म्हणून त्याला फ्रीजमध्ये ठेवणे. एका शिबिरात हा उपाय नवख्यांना सहज सांगितला जाताना मी ऐकला आणि मन विषण्ण झाले. गारठलेला कीटक पाय आखडून घेतो. त्याला पानावर ठेवून काढलेले चित्र ‘निसर्गातील क्षण’ म्हणून छापले जाणे मला मान्य नाही. संग्रहालयातील टाचणी टोचलेला नमुना तसे सांगून दाखवणे आणि हे, यांत मोठे अंतर आहे.

म्हणून विनंती अशी, की छायाचित्र स्वीकारताना किती फ्रेम जोडल्या, कीटक जिवंत होता, मृत होता की गारठवलेला होता आणि कोणता अवयव हाताने दुरुस्त केला, हे विचारावे आणि उत्तर चित्राखाली छापावे. माझ्याच एका चित्रापुरते सांगायचे, तर ‘जिवंत, झोपलेला नर, २३ फ्रेम, डाव्या मिशीचे टोक एकाच फ्रेममधून घेतले आहे’ एवढ्या ओळीला पुरवणीत जागा सहज मिळेल.

आपला नम्र,
एक वाचक, चिपळूण