अंगठा उठत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नोव्हेंबर आला की आम्हा पेन्शनवाल्यांची हयातीच्या दाखल्यासाठी पळापळ सुरू होते. गुडघे कुरकुरतात, मोजे घालायला पलंगावर बसावं लागतं, उठताना "आई गं" आपोआप निघतं, हे सगळं मान्य आहे हो, त्याची कुणाकडं तक्रार नाही. पण अंगठा असा दगा देईल असं वाटलं नव्हतं.

बँकेत मशीनवर अंगठा ठेवला, लाल लाइट. काउंटरवरची मुलगी बिचारी चांगली होती, म्हणाली काका जरा दाबून ठेवा, मग म्हणाली दुसरा हात द्या, मग म्हणाली डोक्यावरून बोट फिरवा म्हणजे तेल लागतं, आता माझ्या डोक्यावर केसच नाहीत तर तेल कुठलं, मागची लाइन हसली, मीपण हसलो, काय करणार. दहाही बोटं झाली, एक जुळेना. उद्या या म्हणाले.

वय झालं की कातडी कोरडी पडते आणि बोटावरच्या रेषा झिजतात, त्यात थंडी. आमच्या हिनं तर जन्मभर राखेनं भांडी घासली, तिचा अंगठा रेशन दुकानातपण उठत नाही.

मला जास्त लागलं त्याचं कारण वेगळंय. मी पोस्टमन होतो. मनीऑर्डर देताना किती म्हाताऱ्यांचे अंगठे घेतले असतील! एका आजीचा अंगठा म्हणजे नुसता शाईचा डाग यायचा, रेघ म्हणून दिसायची नाही, शेजारीण साक्षीदार म्हणून सही करायची आणि मी पैसे मोजून आजीच्या हातावर ठेवायचो. आजी समोर बसलीय म्हणजे ती आहे, एवढं कळायला मशीन लागत नव्हतं.

शेवटी घरी नातवानं मोबाइलवर ॲप टाकलं, चेहऱ्यासमोर धरलं, म्हणाला आजोबा डोळे मिचकवा, मिचकवले, झालं काम! म्हणजे फेस ऑथेंटिकेशनची ही सोय २०२१ पासून आहे आणि बँकेत मला कुणी चकार शब्द बोललं नाही. केंद्राच्या पेन्शनवाल्यांना ८० वर्षं पुरी झाली असली तर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, हेपण आमच्या ओळखीतल्या एका आजोबांना माहीत नव्हतं, ते नोव्हेंबरात काठी टेकत लाइनीत उभे. बँकांनी एक बोर्ड तरी लावावा, आणि तुम्ही दरवर्षी सप्टेंबरअखेर एक चौकट छापा अशी विनंती. मोठ्या टाइपात.

आणि टाइपाचा विषय निघालाच आहे तर, शब्दकोड्याच्या चौकोनातले आकडे जरा मोठे करता आले तर बघा. परवा ३ उभा समजून ८ उभ्याचं उत्तर भरत बसलो, अर्धा तास गेला, आणि खोडायला गेलो तर कागद फाटला.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन, कराड