बाबा, मी पैसे का मागते आहे

कोल्हापूर

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

जानेवारीत मुंबईला होणाऱ्या मॅरेथॉनमध्ये मी आणि रेश्मा पूर्ण अंतर, म्हणजे 42.195 किलोमीटर, धावणार आहोत हे तुम्हांला फोनवर सांगितलेच होते. धावण्याला बाबांची हरकत नव्हती, पण त्या निमित्ताने आम्ही मुलींच्या वसतिगृहासाठी पैसे गोळा करतो आहोत हे ऐकल्यावर ते म्हणाले, "पळायचे तर पळ, पण लोकांपुढे हात कशाला पसरायचा?" आणि फोन आईकडे दिला. या प्रश्नाचे उत्तर घाईने देणे मला बरे वाटले नाही, म्हणून हे पत्र.

बाबा, तुम्ही आयुष्यात कुणाचा एक पैसा बाकी ठेवला नाहीत, आणि त्याच शिस्तीत आम्ही वाढलो. परंतु आजऱ्याहून शिकायला कोल्हापुरात आलात तेव्हा तुम्ही बोर्डिंगात राहिलात आणि तिथल्या दोन वेळच्या जेवणावर पदवी घेतलीत. शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी वसतिगृहे निघत गेली, तेव्हा दरबाराने जागा आणि अनुदान दिले, तसा लोकांनीही आपापल्या परीने हातभार लावला. तुमच्या ताटातल्या भाकरीसाठी कुणीतरी कुणाच्या तरी दारात जाऊन वर्गणी मागितली असणार, आणि त्या माणसाला तुम्ही कधी कमी लेखले नसते.

पैलवान खाशाबा जाधवांची हकीकत तर मी तुमच्याच तोंडून ऐकली आहे. हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांनी लोकांकडे मदत मागितली आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले, म्हणून 1952 चे ते कांस्यपदक या मातीत आले. ही हकीकत सांगताना तुमचा आवाज दर वेळी भरून येतो, आणि त्यातले पैसे मागण्याचे कुणाला वावगे वाटल्याचे मला आठवत नाही.

आता आमच्या वसतिगृहाविषयी. रेश्मा कॉलेजची सगळी वर्षे तिथेच राहिली. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड अशा भागांतून आलेल्या मुलींचे मेसचे बिल थकू लागले, की त्या आधी सकाळचा नाश्ता बंद करतात आणि मग रात्री दोघींत एक ताट घेतात. आमटी वाढून घ्यायची आणि भाकरी मोडून वाटून घ्यायची. हे कुणी घरी कळवत नाही, कारण कळवले तर परत बोलावून घेतील ही भीती असते. रेश्माने हे दिवस काढले आहेत, आणि सुट्टीत ती आपल्याकडे यायची तेव्हा आई तिला आग्रहाने वाढायची, ते तिच्या अजून लक्षात आहे. आम्ही जमवतो आहोत ते केवळ या मेसच्या खर्चासाठी.

पैसे आमच्या हातात येत नाहीत. देणारा किलोमीटरमागे रक्कम ठरवतो. लोकांना आम्ही पहिले चाळीस किलोमीटरच देतो, म्हणून दहा रुपये म्हणणाऱ्याचे चारशे होतात. शर्यत झाल्यावर तो ते थेट वसतिगृहाच्या संस्थेच्या खात्यात भरतो आणि संस्था त्याला आयकरातल्या सवलतीसाठी पावती देते. दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम आम्ही चेकनेच द्यायला सांगतो. प्रवेश शुल्क, बूट आणि महालक्ष्मी एक्सप्रेसचे तिकीट हा खर्च आम्हा दोघींचा आहे. नुसते मागितले असते तर लोकांनी एकदा दिले असते आणि विसरले असते. आता कपिलतीर्थ मंडईतल्या मावशी मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता "आज किती पळलीस?" असे विचारतात. त्यांनी पाच रुपये कबूल केले आहेत आणि वर बजावले आहे, "अर्ध्यात सोडलासा तर एक पैसा द्यायची न्हाई."

आई, तुझ्या मनात माझे गुडघे आहेत. डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली आहे. अंतर आम्ही हळूहळू वाढवत नेतो, आठवड्यातून एकदाच लांब पल्ला धावतो आणि शेवटच्या दोन आठवड्यांत तो कमी करणार आहोत. पेडर रोडचा चढ शर्यतीच्या उत्तरार्धात पुन्हा लागतो, पाय थकलेले असताना; त्यासाठी आम्ही वाघबीळपासून पन्हाळ्यापर्यंत चढाचा सराव करतो. साधारण तीस किलोमीटरनंतर अंगातली साठवलेली साखर संपत येते, म्हणून वाटेत थोडे थोडे खात राहावे लागते. नुसते पाणी भरमसाट प्यायले तर रक्तातले मीठ उतरते, म्हणून लिंबू-मीठ-साखरेचे पाणी सोबत ठेवतो. आदल्या दिवशी भात खायचा आहे, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर थोडा घनसाळ तांदूळ पाठवून दे.

तुम्ही दोघांनी रात्रीचा प्रवास करून मुंबईला येऊ नये अशी माझी विनंती आहे. धावून झाल्यावर मी लगेच फोन करीन.

बाबा, एक विनंती तुम्हांलाही आहे. पहिल्या चाळीस किलोमीटरांसाठी लोक पुढे येत आहेत. शेवटचे 2 किलोमीटर 195 मीटर मी मुद्दाम कुणालाच दिलेले नाहीत, ते तुमच्या नावावर ठेवले आहेत. किती द्यायचे ते तुम्ही ठरवा. मनाला पटत नसेल तर तसेही मोकळेपणाने कळवा.

कळावे, लोभ आहेच.

तुमची,
वैशाली