मज्जारज्जूच्या इजेवरील संशोधन आणि बेडसोरचा प्रश्न

महोदय,

मज्जारज्जूला इजा झालेला रुग्ण नव्या उपचाराने उभा राहिला, अशा बातम्या मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. त्या वाचून झाडावरून, विहिरीत किंवा दहीहंडीच्या थरावरून पडलेल्या तरुणांचे नातेवाईक जमीन विकायच्या तयारीने दवाखान्यांच्या पायऱ्या चढतात. बातमीत काही मोजक्या गोष्टी दिलेल्या नसतील तर तिच्यावरून कसलाही निर्णय घेता येत नाही. दुसरीकडे, या रुग्णांचे जीव ज्या संशोधनाने प्रत्यक्ष वाचले, ते बेडसोरचे, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमांचे संशोधन बातमीत येतच नाही. या दोन्हींबद्दल हे पत्र आहे.

पहिली गोष्ट म्हणजे इजेची श्रेणी. जगभर ‘एशिया’ श्रेणी वापरतात, ए ते ई. ए सर्वांत गंभीर, ई म्हणजे तपासणीत सर्व ठीक. तपासणीत शरीराच्या प्रत्येक बाजूला 28 ठिकाणी कापसाचा स्पर्श आणि टाचणीची टोच कळते का ते पाहतात, आणि हातापायांच्या दहा-दहा प्रमुख स्नायूंना 0 ते 5 गुण देतात. स्नायूंचे एकूण गुण 100. मात्र ‘ए’ म्हणजे पूर्ण इजा की नाही, हे गुदद्वाराजवळची संवेदना आणि तिथला स्नायू रुग्णाला स्वतःहून आवळता येतो का, यावर ठरते. घाईत किंवा संकोचाने ही तपासणी राहून गेली, तर मुळात ‘बी’ असलेल्या रुग्णाच्या कागदावर ‘ए’ लागते. पुढे कोणी नीट तपासले की श्रेणी आपोआप वर सरकते, आणि श्रेय मधल्या काळात दिलेल्या इंजेक्शनाला जाते.

दुसरी गोष्ट, इजेला किती दिवस झाले होते. मज्जारज्जू काही प्रमाणात स्वतःच सावरतो. सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, पुढे वर्ष-दीड वर्ष ती मंद गतीने चालू राहते. सुरुवातीला ‘ए’ असलेल्या दहा रुग्णांपैकी एक-दोघे कोणताही विशेष उपचार न घेता वरच्या श्रेणीत जातात. म्हणूनच तो उपचार न दिलेल्या रुग्णांचा तुलनेचा गट लागतो. जपानने 2018 मध्ये रुग्णाच्याच अस्थिमज्जेतून घेतलेल्या पेशींच्या एका उपचाराला सशर्त मान्यता दिली. आधार होता 13 रुग्णांचा. त्यांना पेशी दिल्या त्या इजेनंतर साधारण चाळीस दिवसांनी, म्हणजे नैसर्गिक सुधारणा जोरात असतानाच, आणि तुलनेचा गट नव्हता. बारा जणांची श्रेणी सुधारली, पण त्यातले पेशींमुळे किती आणि नैसर्गिक किती, हे या माहितीतून सांगता येत नाही. जगभरच्या तज्ज्ञांनी तेव्हाच हा आक्षेप घेतला होता.

तुलनेचा गट असूनही फसगत होऊ शकते, हे मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने दाखवले. इजा झाल्याबरोबर हे औषध देण्याच्या अमेरिकेतील दुसऱ्या राष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष 1990 मध्ये आले. रुग्ण 487. मात्रा अशी: पहिल्या 15 मिनिटांत किलोमागे 30 मिलिग्रॅम, मग 45 मिनिटे थांबून पुढचे 23 तास दर ताशी किलोमागे 5.4 मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला चोवीस तासांत नऊ ग्रॅमहून जास्त स्टेरॉइड. सर्व रुग्ण एकत्र धरले तर फरक दिसला नाही. आठ तासांच्या आत औषध मिळालेल्यांचा गट वेगळा काढला, तेव्हा थोडा फायदा दिसला. तेवढ्यावर ही मात्रा जगभरच्या अपघात विभागांत रुजली. 1997 च्या तिसऱ्या अभ्यासात 48 तास औषध घेतलेल्यांत तीव्र न्यूमोनिया आणि रक्तातला जंतुसंसर्ग जास्त आढळला. 2013 मध्ये अमेरिकेतील न्यूरोसर्जनांच्या संघटनांनी हे औषध देऊ नये असे सांगितले. 2017 च्या एका आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने आठ तासांच्या आत, फक्त चोवीस तासांसाठी, पर्याय म्हणून ते ठेवले. आमच्या मते इजा होऊन दुसरा दिवस उजाडल्यावर हे औषध सुरू करण्याला कसलाच आधार नाही. साखर वाढते, संसर्गाला वाट मिळते आणि जखमा भरायला वेळ लागतो.

शस्त्रक्रियेचे चित्र जास्त आशादायक आहे. मानेच्या इजेच्या 313 रुग्णांच्या 2012 च्या अभ्यासात चोवीस तासांच्या आत मज्जारज्जूवरचा दाब काढलेल्यांपैकी सुमारे 20 टक्के रुग्ण सहा महिन्यांत दोन किंवा अधिक श्रेणी वर गेले. उशिरा शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण 9 टक्के होते. गट चिठ्ठी टाकून पाडलेले नव्हते, ही त्याची मर्यादा. त्वचेवर इलेक्ट्रोड लावून मानेतील मज्जारज्जूला विद्युत उत्तेजन देण्याचा 60 जणांवरील अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. जुनी इजा असलेल्यांना आधी दोन महिने फक्त व्यायाम, मग दोन महिने व्यायाम आणि उत्तेजन दिले. 72 टक्के लोकांच्या हाताची ताकद आणि कामाची क्षमता दोन्ही वाढली. खोट्या उत्तेजनाचा (इलेक्ट्रोड लावून प्रवाह न दिलेला) गट इथेही नव्हता, पण प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्या व्यायामकाळाशी होती आणि इजा जुनी होती, त्यामुळे या निकालाला वजन आहे. त्यातून मिळाली ती हाताची पकड आणि बोटांची ताकद. तो चालण्याचा उपचार नव्हे.

तिसरी गोष्ट पैशाची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारांसारख्या मान्य आजारांतले मूलपेशींचे (स्टेम सेलचे) प्रत्यारोपण सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करायचा आहे. जे अजून सिद्ध व्हायचे आहे, त्याचे बिल रुग्णाच्या हातात पडत असेल तर तिथेच थांबावे. सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीतला चाचणीचा क्रमांक मागावा. ही नोंदवही कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. नोंद म्हणजे मंजुरी नव्हे, म्हणून नैतिकता समितीच्या आणि औषध नियंत्रकांच्या मंजुरीबद्दलही वेगळे विचारावे. संमतिपत्राची प्रत घरी न्यावी. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देण्याची तरतूद 2019 च्या नियमांत आहे, ती त्या कागदावर शोधावी.

आता बेडसोर. माकडहाडावर खोल जखम असलेल्या रुग्णाला बसवता येत नाही, त्याचा व्यायाम अडतो, आणि बहुतेक चाचण्यांतूनही तो बाहेर राहतो. 1944 मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त घातली. तोवर मज्जारज्जूच्या इजेचे रुग्ण बेडसोर आणि लघवीच्या संसर्गाने दगावत.

जखमेची सुरुवात बऱ्याचदा पहिल्याच दिवशी होते, कडक स्ट्रेचरच्या फळीवर. रुग्णालयात पोहोचल्यावर तीन-चार जणांनी मान व पाठ एका रेषेत ठेवून रुग्णाला फळीवरून काढावे आणि मागच्या खिशातले पाकीट, किल्ल्या, मोबाइल त्याच वेळी बाहेर घ्यावेत. पुढे कुशीवर झोपवताना पूर्ण आडवे करू नये, खुब्याच्या हाडावर भार येतो. पाठीमागे उशी लावून साधारण 30 अंश कलते ठेवावे. पोटरीखाली उशी अशी द्यावी की टाच अधांतरी राहील. मध्ये भोक असलेली गोल रबरी रिंग अजूनही सर्रास विकली जाते. ती वापरू नये, तिच्या कडेने दाब वाढतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा अडतो.

व्हीलचेअरवर बसणाऱ्यांना ‘हात टेकून अंग उचला’ असे शिकवतात. दबलेल्या भागातला प्राणवायू पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो, हे मोजल्यावर सरासरी उत्तर दोन मिनिटांच्या जवळ आले. हातांवर दोन मिनिटे अंग तोलणे बहुतेकांना शक्य नसते, आणि खांदे झिजतात ते वेगळेच. त्यापेक्षा पुढे वाकून छाती मांड्यांकडे न्यावी, किंवा एका बाजूला कलून दोन मिनिटे तसेच राहावे, मग दुसरी बाजू. दर अर्ध्या तासाने. गादी तपासायची पद्धत सोपी आहे: रुग्ण बसलेला असताना बैठकीच्या हाडाच्या खाली, गादी आणि सीटच्या मधे तळहात सरकवावा. हाड हाताला टोचले तर ती गादी संपली. व्हीलचेअर वाटपाच्या शिबिरांत खुर्चीइतकाच गादीचा विचार झाला पाहिजे.

त्वचेवरचा लाल किंवा काळसर डाग दाब काढूनही जात नसेल तर ती बेडसोरची पहिली पायरी आहे. डाग जाईपर्यंत त्या भागावर भार नको. मालिश तर मुळीच नको. उघडी जखम सलाइनने धुवावी. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतले की नव्याने येणारे मांसही मरते. आहारात किलोमागे 1.25 ते 1.5 ग्रॅम प्रथिने हवीत. साठ किलोच्या माणसाला रोज 75 ते 90 ग्रॅम, वरण-भाताच्या दोन जेवणांत ती भरत नाहीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवावे. दर आठवड्याला लांबी, रुंदी, खोली मोजून लिहावी. दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर ड्रेसिंग बदलत बसण्याऐवजी दाब कुठून येतो आहे, हाडात संसर्ग आहे का, ते तपासावे. वरून पुसून घेतलेल्या स्वॅबवरून हाडाचे निदान होत नाही, त्याला एमआरआय आणि बायोप्सी लागते.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असेल तर घरातल्या सर्वांना आणखी एक गोष्ट माहीत हवी. अचानक डोके ठणकले, इजेच्या वरच्या भागाला घाम सुटला, चेहरा लाल झाला तर रक्तदाब धोकादायक चढलेला असू शकतो. रुग्णाला लगेच बसते करावे, कपडे-पट्टे सैल करावेत आणि लघवीच्या कॅथेटरची नळी पिळली किंवा तुंबली आहे का ते पाहावे. नंतर शौच साठले आहे का आणि कुठे जखम आहे का ते तपासावे. काही मिनिटांत उतार पडला नाही तर रुग्णालयच गाठावे.

आपल्या वार्ताहरांना विनंती आहे की अशा उपचाराच्या बातमीत इजेची श्रेणी, इजेपासून उपचारापर्यंतचा काळ, तुलनेचा गट होता की नाही आणि खर्च कोणी केला, ही माहिती असावी. आणि रुग्णालयांनी या रुग्णांना घरी सोडताना डिस्चार्ज कार्डासोबत लांब दांड्याचा आरसाही द्यावा. आपले माकडहाड आणि टाचा रोज सकाळ-संध्याकाळ त्यात पाहण्याचा सराव त्यांच्याकडून वॉर्डातच करून घ्यावा.

– पुनर्वसन विभागात काम करणारे फिजिओथेरपिस्ट व परिचारिका, पुणे