साथीदारांनाही नावे होती

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत 'रक्तचरित्र' या चित्रपटावर आलेला लेख मी दोनदा वाचला आणि काल दिवसभर तो मनातून गेला नाही. विवेक ओबेरॉय आणि सूर्या यांच्या अभिनयाचे लेखकाने कौतुक केले आहे, त्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. दोघांनीही कामे चांगली केली आहेत. आपल्या पुण्याच्या राधिका आपटे यांचा उल्लेखही योग्यच आहे. मला खटकले ते एक वाक्य. हा चित्रपट ज्यांच्या खऱ्या वैरावर बेतला आहे, त्या आंध्र प्रदेशातील परिटाला रवी आणि मद्देलचेरुवू सुरी यांच्या वैरात 'दोन्ही बाजूंचे असंख्य साथीदार मारले गेले', असे लिहून लेखक लगेच दोन्ही नायकांच्या डोळ्यांतील अंगाराकडे वळले आहेत. त्या 'साथीदार' या शब्दापाशी मी थांबलो, कारण अशा एका साथीदाराची कागदपत्रे वर्षभर माझ्या टेबलावर होती.

सोलापूरच्या पूर्व भागात वाढल्यामुळे मला लहानपणापासून तेलुगू येते आणि बहुधा म्हणूनच बँकेने २००२ ते २००६ अशी चार वर्षे मला अनंतपूर जिल्ह्यातील एका ग्रामीण शाखेत पाठवले. त्यामुळे आधी हे सांगतो की, अनंतपूर तेलंगणात नाही. लेखात दोन ठिकाणी तसे छापले आहे. अनंतपूर आंध्र प्रदेशातल्या रायलसीमा या कोरडवाहू भागात आहे, तिथून बंगळूर जवळ पडते आणि हैदराबाद लांब, आणि पाऊस इतका कमी की भुईमुगाचे एक पीक हाती लागले तरी शेतकरी वर्ष तरले असे समजतो. या वैराला 'टोळीयुद्ध' म्हणणेही बरोबर नाही. त्याचे मूळ जमिनीत आहे. रवीचे वडील परिटाला श्रीरामुलू डाव्या चळवळीतले होते, जमीनदारांच्या जमिनी गरिबांना मिळाव्यात म्हणून ते उभे राहिले आणि १९७५ साली त्यांचा खून झाला. पुढे रवीचा भाऊ पोलिसांच्या चकमकीत गेला, १९८३ मध्ये सुरीचे वडील गंगुला नारायण रेड्डी मारले गेले, नंतर दूरचित्रवाणी संचात दडवलेल्या बॉम्बने सुरीच्या घरातली माणसे गेली, आणि हा हिशेब कोणत्याच बाजूला पुरा झाला नाही. तिथली माणसे याला 'फॅक्शन' म्हणतात आणि हा इंग्रजी शब्द लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांच्याही तोंडी असतो.

मी सांगतो ती गोष्ट २००४ सालच्या उगादीच्या सुमाराची आहे. तिशीतली एक बाई शाखेत आली. तिच्या नवऱ्याच्या नावावर किसान क्रेडिट कार्डाचे बारा हजार रुपयांचे भुईमुगाचे पीककर्ज होते. सलग दोन हंगाम कोरडे गेल्यावर तो गावातल्या एका पुढाऱ्याच्या गाडीबरोबर जाऊ लागला होता. हातात काही पैसे आणि दोन वेळचे जेवण, एवढाच त्याचा मोबदला होता. त्या पुढाऱ्याचे रवीशी किंवा सुरीशी थेट नाते नव्हते. तिकडे गावोगावी असे छोटे रवी आणि छोटे सुरी असतात. एका संध्याकाळी गाडी अडवली गेली, पुढारी जखमी होऊन वाचला आणि मागच्या बाकावरची दोन माणसे जागीच गेली. त्यांतला एक हिचा नवरा.

कार्डधारकाला तेव्हा पन्नास हजारांचे वैयक्तिक अपघात विम्याचे संरक्षण असे. बाह्य, हिंसक आणि दृश्य कारणाने मृत्यू आल्यास वारसाला ही रक्कम मिळावी, अशी त्याची अट होती. कोयत्याच्या अकरा वारांपेक्षा अधिक बाह्य, हिंसक आणि दृश्य कारण कोणते असते, हे मला आजही कळलेले नाही. मी पोलिसांतली फिर्याद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि मृत्यूचा दाखला जोडून दावा पाठवला. विमा कंपनीकडून तो तीन वेळा परत आला. मृत व्यक्ती स्वतः हाणामारीत सामील होती काय, याचा खुलासा करावा; ती कोणत्या कामासाठी त्या वाहनात होती, याचा पुरावा द्यावा; साक्षीदारांचे जबाब जोडावेत. साक्षीदार कोठून आणायचे? जो बोलेल त्याचे घर दुसऱ्या दिवशी राहील, याची हमी ना पोलीस देत होते, ना मी देऊ शकत होतो.

तिसऱ्या खेपेला त्या बाईने पदराच्या गाठीतून तेलुगू वर्तमानपत्राचे एक कात्रण काढून माझ्यापुढे ठेवले. पुढाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत होते, तो कोणत्या रुग्णालयात आहे आणि त्याला भेटायला कोण कोण आले, हे सारे होते, आणि शेवटच्या ओळीत 'इद्दरु अनुचरुलु', म्हणजे दोन अनुयायी, ठार झाल्याचे लिहिले होते. "सार, यात आमच्या माणसाचे नाव घालून मिळेल का?" असे तिने मला विचारले. नाव छापून आले तर कंपनीला पुरावा मिळेल, असे तिला वाटत होते. मी बँकेचा अधिकारी, मी काय उत्तर देणार होतो? माझी बदली झाली तोपर्यंत तो दावा मंजूर झालेला नव्हता. भुईमुगाचे कर्ज मात्र तिने व्याजासह फेडले होते.

संपादक महोदय, रविवारी आपल्या पुरवणीत मला तीच शेवटची ओळ मराठीत वाचावी लागली. १९ नोव्हेंबर १९९७ रोजी हैदराबादच्या ज्युबिली हिल्स भागात रवीला मारण्यासाठी मोटारीत बॉम्ब ठेवला गेला, तेव्हा रवी वाचला आणि सव्वीस माणसे गेली. त्यांत चित्रीकरणासाठी आलेले एका दूरचित्रवाणी वाहिनीचे कर्मचारीही होते. ते कोणाचे साथीदार होते? २४ जानेवारी २००५ रोजी अनंतपूर येथील तेलुगू देसम पक्षाच्या कार्यालयात त्या पक्षाचा आमदार असलेल्या रवीचा खून झाला, तेव्हा मी तिथेच होतो. शाखेचे दार ओढून घेऊन आम्ही आत बसलो होतो आणि राज्यभर एस.टी. गाड्या जळत होत्या. चित्रपटाचा दुसरा भाग ३ डिसेंबर २०१० रोजी लागला आणि बरोबर एक महिन्याने, ३ जानेवारी २०११ रोजी, बॉम्बस्फोटासाठी जन्मठेप भोगून सुटलेल्या सुरीला हैदराबादेत त्याच्याच जवळच्या माणसाने गोळी घातली. लेखात याचा उल्लेखच नाही. ज्या साथीदारांची निष्ठा लेखकाला भारून टाकते, त्यांच्यातलाच तो एक होता, हे तरी वाचकांना सांगायला हवे होते.

लेखाच्या शेवटी, सूड ही सर्वांत शुद्ध भावना आहे, हे वाक्य महाभारताचे म्हणून दिले आहे. चित्रपटाने ते तसे वापरले म्हणून आपण तपासून न पाहता छापावे काय? उद्योगपर्वात युधिष्ठिर कृष्णाला सांगतो की, वैराने वैर शमत नाही, तूप घातलेल्या अग्नीसारखे ते वाढतच जाते. बापाच्या वधाचा सूड म्हणून झोपलेल्या पोरांना मारणारा अश्वत्थामा आमच्या आजीच्या गोष्टीत कपाळावरची जखम घेऊन दारोदार तेल मागत फिरत असे. त्याची भावना शुद्ध होती, असे आजी कधी म्हणाली नाही.

अनंतपूर रायलसीमेत आहे, ही दुरुस्ती आपण येत्या रविवारी त्याच पानावर छापावी, अशी विनंती आहे. हे पत्र जागेअभावी कापावे लागले, तर माझ्या बदल्यांचा तपशील खुशाल कापावा, पण त्या बाईचा प्रश्न ठेवावा.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, सोलापूर