खांद्यावरचा मी नव्हेच!

महोदय,

१९८० च्या सिंहस्थात वडिलांच्या खांद्यावर बसून रामकुंड पाहिल्याचं मला लख्ख आठवतं, असं मी आजवर सांगत आलो. परवा अल्बम निघाला. काळ्या कागदावर चिकटवलेला तोच फोटो, मागे दुतोंड्या मारुती. कोपरे सुटले म्हणून उलटून पाहिला, तर आईच्या अक्षरात, पेन्सिलीने, थोरल्या भावाचं नाव! मी तेव्हा घरी तापाने फणफणलो होतो म्हणे. तरी ती गर्दी, तो ओल्या धोतरांचा वास अजून जात नाही. २०१५ च्या सिंहस्थात मुलीचे मोबाइलवर शेकडो फोटो काढले. छापला एकही नाही. मग मागे लिहिणार कुठे? भाऊ मात्र खूश आहे. ‘खांदा परत मिळाला,’ म्हणतो.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक