मावशी, तुम्ही मला घरी परत पाठवलंत

प्रिय मावशी,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही फोन करून आधी शुद्धलेखनाच्या चुका सांगाल आणि मग रागवाल. इंदूरला सुदामा नगरात आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, मूळच्या वसईच्या. एवढं पुरे.

आभार कशाचे ते आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल, तुम्ही मला चर्चमध्ये नेलंत म्हणून. चर्चमध्ये मी माझ्या पायांनी आले होते. तुम्ही मला तिथून रिक्षात बसवून घरी पाठवलंत.

आमचं घर तुम्हाला माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. आजी दत्तभक्त. देवघरात नाना महाराज तराणेकरांचा फोटो, गुरुवारचा उपवास, कांदा-लसूणही जपून. बाबा पक्के नास्तिक, बँकेच्या युनियनमधले. देवघराच्या खोलीत फक्त बल्ब बदलायला जायचे. आई नगरची, अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती घरातली. लग्न कोर्टात झालं, दोन्हीकडचे लोक दोन वर्षं बोलत नव्हते, आणि मग मी झाले म्हणून बोलायला लागले. आईनं इथे येऊन चर्च सोडलं. इंदूरच्या रेसिडेन्सी भागातलं १८५८ सालचं पांढरं चर्च, सेंट ॲन्स, तिनं लग्नानंतर एकदाच बाहेरून पाहिलं असेल. पण नाताळच्या रात्री स्वयंपाकघरात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं गुणगुणायची. बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. अशा घरात मूल लवकर शिकतं की कुणासमोर काय बोलायचं. थोडक्यात, खोटं बोलायला शिकतं.

२०१६ च्या पितृपक्षाच्या सुमाराला अण्णा गेले, माझे आजोबा. दहाव्याला कावळा शिवेना. नदीकाठी आम्ही दीड तास उभे, आजी एकेक राहिलेली इच्छा आठवून सांगतेय, बाबा मोबाइलमध्ये डोकं घालून. मी सोळा वर्षांची, अकरावीत. मला एकच विचारायचं होतं, अण्णा आता कुठे आहेत आणि मी त्यांच्यासाठी काही करू शकते का. बाबा म्हणाले, "अण्णा आपल्या आठवणीत." आजी म्हणाली, विधी नीट झाले की गती मिळते, पण ते मुलानं करायचे असतात, तू राहू दे. नगरच्या आजोबांना फोन केला. ते प्रेमानंच म्हणाले, "बाळा, ते आता देवाच्या हाती. गेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नसते." तिघांच्या उत्तरात माझ्यासाठी काही कामच नव्हतं.

त्या वर्षी आमच्याकडे आकाशकंदील लागला नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, तुम्ही वर येऊन आईला विचारलंत, "हिला जरा पिशवी धरायला नेऊ का?" पिशवीत झेंडूची फुलं, मेणबत्त्या, काडेपेटी आणि तळ कापलेल्या बिसलेरीच्या चार बाटल्या. बाटल्या कशाला ते कब्रस्तानात कळलं. वारा होता. काकांच्या कबरीवर तुम्ही मेणबत्ती लावायच्या आणि वरून बाटली ठेवायच्या, समईवर काच ठेवावी तशी. आजूबाजूच्या बायका सतरा काड्या ओढत होत्या आणि तुमच्या चारही ज्योती स्थिर. गणिताच्या बाई खऱ्या! मृतांचा दिवस असतो, गेलेल्या सगळ्यांसाठी प्रार्थना करतात, असं तुम्ही सांगितलंत. मग अण्णांचं पूर्ण नाव विचारून पाचवी मेणबत्ती काढलीत. मी म्हटलं, "पण अण्णा ख्रिस्ती नव्हते. चालतं?"

"मेणबत्तीला विचारून बघ," तुम्ही म्हणालात.

पाचवीला बाटली नव्हती. मी तळहातांचा आडोसा करून बसले, ती पुरती जळेपर्यंत. अण्णा गेल्यापासून त्यांच्यासाठी मी केलेलं ते पहिलं काम.

नंतरचं तुम्हाला अर्धंच माहीत आहे. ट्यूशनला येताना मी आईचं जुनं मराठी बायबल दप्तरातून आणलं आणि तुमच्या टेबलावर दोन्ही शेजारी ठेवून अनुक्रमणिका मोजली. आईच्या पुस्तकात ६६ पुस्तकं, तुमच्यात ७३. मला वाटलं, छापखान्याची चूक. तुम्ही चष्मा लावून जास्तीच्या सातांवर पेन्सिलनं टिंबं दिलीत आणि मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय काढलात. लढाईत पडलेल्या सैनिकांसाठी यहूदा वर्गणी गोळा करून यरुशलेमला पाठवतो, त्यांच्या पापांची क्षमा व्हावी म्हणून. नगरच्या आजोबांच्या बायबलात हे पानच नव्हतं! प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यात इतक्या शतकांत काय काय झालं ते मी पुढे वाचलं, खजुरी बाजारातून जुनी पुस्तकं आणून. पण माझ्यापुरता फरक त्या एका अध्यायाचा होता.

मग मी रविवारी तुमच्या कॅथलिक लाल चर्चला यायला लागले. मागच्या बाकावर, तुमच्या शेजारी. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, हिंदीत, त्यामुळे शब्द समजायचे, पण कधी उभं राहायचं नि कधी गुडघे टेकायचे ते तुमच्याकडे बघून. सगळे रांगेनं परमप्रसाद, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घ्यायला गेले की मी बाकावर एकटी. त्याचा मला भयंकर राग आला होता, आठवतंय? मी तुम्हाला सुनावलं होतं की आमच्या दत्ताच्या देवळात कुणालाही प्रसाद मिळतो, आरतीला नसलेल्यालासुद्धा. तुम्ही गोड उत्तर देऊन वेळ मारून नेली असतीत तर मी कदाचित पुन्हा आले नसते. तुम्ही म्हणालात, "हा वाटायचा प्रसाद नाही. आम्ही म्हणतो, हा येशूच आहे. तुला ते पटलेलं नाही अजून. न पटता घेतलंस तर तू खोटी पडशील. बस शांतपणे." हे उत्तर मला आजही पूर्ण आवडत नाही. पण एका मोठ्या माणसानं मला आवडावं म्हणून बोलायचं टाळलं होतं, आणि आमच्या घरात तशी सवय नव्हती.

२०१७ चा राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाची सुरुवात, १ मार्चला आला. उपवासकाळात शुक्रवारी मांस सोडतात म्हणे. आमच्या घरात बाराही महिने उपवासकाळ! तेव्हा मी शेव सोडली. इंदूरच्या माणसाला हे काय आहे ते बाहेरच्यांना कळणार नाही. पोह्यांवर शेव नाही, वरण-भातावर नाही, दही-पराठ्याबरोबर नाही. चौथ्या दिवशी आजीच्या लक्षात आलं. काही बोलली नाही. रंगपंचमीला, म्हणजे नेमका शुक्रवार, खाली रस्त्यावर गेरला, रंगाच्या मिरवणुकीला, जाणाऱ्या पोरांची भोंगेबाजी चाललेली, आणि आजीनं माझ्यासमोर पोह्यांची बशी ठेवली. शेवेच्या जागी ओलं खोबरं नि डाळिंबाचे दाणे. "कसलं व्रत आहे ते विचारत नाही," ती म्हणाली, "पण चाळीस दिवस असेल तर मोडू नकोस." चाळीसचा आकडा तिला कुठून कळला देव जाणे. तिच्याच कुठल्या व्रताचा हिशोब असणार.

आता तो रविवार. ९ एप्रिल, झावळ्यांचा रविवार. माझ्या हातात झावळी, मिस्सा संपून सगळे अंगणात, आणि तुम्ही सहज विचारलंत, "आज तुझी टेस्ट नव्हती का?" भंवरकुआंच्या कोचिंगचं टाइमटेबल मीच तुमच्या फ्रिजवर चिकटवलं होतं. मी गप्प. "घरी काय सांगून येतेस?" मी तरीही गप्प. तीन महिने मी तुम्हाला सांगत होते की आईला माहीत आहे, आणि आईला सांगत होते की टेस्ट आहे.

तुम्ही ओरडला नाहीत. माझ्या हातातली झावळी काढून घेतलीत. रिक्षा थांबवलीत, पैसे दिलेत आणि म्हणालात, "आईबाबांना सांगितल्याशिवाय माझ्या शेजारी येऊन बसायचं नाही. चौथी आज्ञा. घरी जाऊन वाच." मी रिक्षात पूर्ण रस्ता रडले. मला वाटलं, तुम्हीही शेवटी मोठ्यांच्याच बाजूच्या निघालात.

घरी जे झालं ते लांबवत नाही. बाबा म्हणाले, "एका अंधश्रद्धेतून तुला वाचवलं, तू दुसरी शोधून आणलीस." आई काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं. नगरच्या आजोबांना फोन गेला. माझी भाबडी समजूत अशी की निदान ते तरी खूश होतील. ते म्हणाले, "गुडघे टेकायचेच होते मूर्तीपुढे, तर तुझ्या आजीचा दत्त काय वाईट होता?" मी रडत रडत सांगितलं की मावशींनीच मला परत पाठवलंय, चौथी आज्ञा म्हणाल्या, आईबापाचा मान राख. फोनवर क्षणभर शांतता. मग आजोबा: "पाचवी." आई पहिल्यांदा हसली. कॅथलिकांत ती चौथी मोजतात, आजोबांकडे पाचवी. आज्ञा त्याच, मोजणी निराळी. त्या रात्री आमच्या घरात एवढ्या एकाच मुद्द्यावर सगळे बोलले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही वर आलात. कुणी बोलावलं नव्हतं. पांढरी सुती साडी, हातात माझी झावळी. आजीनं दार उघडलं आणि तिचा पहिला प्रश्न, "तुम्ही चिमाजी अप्पांच्या वसईच्या ना?" तुम्ही म्हणालात, "हो. आम्ही तेव्हाही तिथेच होतो." आजीला हे इतकं आवडलं की तिनं चहा टाकला. बाबांनी सरळ विचारलं, "हिला कन्व्हर्ट करायचा विचार आहे का?" तुमचं उत्तर बाबा अजून मित्रांना सांगतात: "चाळीस वर्षं गणित शिकवलं. एकाही पोराला त्याच्या मनाविरुद्ध भागाकार शिकवता आला नाही मला." मग गंभीर होऊन म्हणालात की ती अठराची होईपर्यंत यातलं काही होणार नाही, आणि तुमच्यापैकी एक जण बरोबर असेल तरच ती चर्चला येईल. शिवाय टिळकांची आठवण काढलीत, आईकडे बघून. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तब्बल पाच वर्षांनी. एकाच घरातली माणसं. "घाई असती तर त्या घराचं काय झालं असतं?" आईनं मान खाली घातली.

मला तेव्हा ही मोठ्या माणसांची बोलणी वाटली. बऱ्याच वर्षांनी, २०२१ चा मध्य प्रदेशचा नवा कायदा आला तेव्हा मी तो कलमांसकट वाचला. धर्म बदलायचा तर साठ दिवस आधी कलेक्टरकडे लेखी कळवायचं. अल्पवयीन मुलीला फसवून धर्मांतर केलं असं ठरलं तर दोन ते दहा वर्षं. माझ्या वेळी १९६८ चा कायदा होता, पण शेजारपाजारच्या जिभांना कायदा लागत नाही. वाचता वाचता हात गार पडले. एकट्या राहणाऱ्या ख्रिस्ती बाई, घरी ट्यूशन घेणाऱ्या, आणि वरच्या मजल्यावरची सोळा वर्षांची मुलगी घरी खोटं सांगून त्यांच्याबरोबर चर्चला जाते. कुणी एकानं जरी बोंब मारली असती तर माझ्या खोटेपणाची किंमत तुम्ही मोजली असती. तुम्हाला हे त्या अंगणातच कळलं असणार. माझ्याशी संबंध तोडून दार लावून घेणं सगळ्यात सोपं होतं. तुम्ही जिना चढून वर आलात. मावशी, हे पत्र त्या जिन्यासाठी आहे. आणि त्या तीन महिन्यांसाठी माफी, जी मी कधी नीट मागितली नाही.

बरोबर कोण येणार, तर बाबा आले! ४ नोव्हेंबर २०१७ ला, सिस्टर राणी मारिया यांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला त्या शेतमजुरांना सावकारांच्या विळख्यातून सोडवायचं काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. बाबांनी हे वर्तमानपत्रात वाचलं आणि म्हणाले, ही तर आमच्यातली बाई. सेंट पॉल शाळेच्या मैदानावर ते माझ्या शेजारी हाताची घडी घालून बसले होते, प्रार्थनेला उभे न राहता. राणी मारियांच्या सख्ख्या बहिणीनं, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, खुन्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली होती. परत येताना स्कूटरवर बाबा म्हणाले, "क्षमा वगैरे मला पटत नाही. पण राखी..." आणि पलासियाचा सिग्नल सुटला. वाक्य अजून पुरं झालेलं नाही.

मी आता पंचविशीची. कुठलाही फॉर्म भरलेला नाही. रविवारी जाते, बहुतेक वेळा मागच्याच बाकावर. कधी आई येते. भरायचा ठरला तर आधी घरी सांगेन, मग तुम्हाला, मग कलेक्टरला. क्रम तुमचाच.

वसईला परत राहायला जाताना तुम्ही दिलेली जपमाळ आजीनं तिच्या रुद्राक्षाशेजारी टांगली आहे. रोज पुसते. मध्ये तिनं मणी मोजले आणि मला बोलावून घेतलं, ५९ भरले. १०८ नाहीत, ५४ही नाहीत, हा काय हिशोब? मी समजावलं, 'नमो मारिया' या प्रार्थनेचे ५३ आणि मोठे सहा. तिला पटलेलं नाही. म्हणते, गणिताच्या बाईंनाच विचारीन.

तर मे महिन्यात आम्ही सगळे येतोय, आजीसकट. अवंतिकाची तिकिटं काढली आहेत, बोरिवलीला उतरू. तुमच्यासाठी शेव आणते. लसणाची की लवंगेची, तेवढं कळवा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची