पेनड्राइव्हवरचे लिनक्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर का अडते?

महोदय,

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि, इंटेलचा असेल तर, साधारणपणे आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चोपडा, शिरपूर, शहाद्याकडच्या शाळांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत चांगले चालणारे कॉम्प्युटर आता भंगारात काढायची भाषा सुरू आहे. त्यावर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम सुचवली जाते आणि ‘पेनड्राइव्हवर लिनक्स टाका, कुठेही लावा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला खरा आहे, पण अर्धा. एका मशीनवर चाललेला ड्राइव्ह दुसऱ्यावर काळी स्क्रीन दाखवतो आणि खापर लिनक्सवर फुटते. खरी चूक बहुतेक वेळा इन्स्टॉल करतानाच झालेली असते.

पहिली गोष्ट म्हणजे पेनड्राइव्हचा हट्ट सोडावा. बारीक-बारीक फायली सतत लिहिणे हे साध्या पेनड्राइव्हचे काम नाही. ब्राउझर उघडला की तो रडतो. जुनी १२० किंवा २४० जीबीची सॅटा एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) यूएसबी ३ च्या केसमध्ये घालावी. केस ॲल्युमिनियमची बरी. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा प्लास्टिकच्या डबीतली एसएसडी तापून मंदावते. लाइव्ह आयएसओ (इन्स्टॉल न करता थेट चालणारी लिनक्सची तयार प्रत) टाकून बदल साठवायची सोयही रोजच्या कामाला नको. त्यात मूळ सिस्टिम दाबून बंद केलेली असते, अपडेट तिच्यावर थर चढवत जातात आणि जागा लवकर भरते. एसएसडीवर डेबियन किंवा लिनक्स मिंट (दोन्ही लिनक्सचेच प्रकार) पूर्ण इन्स्टॉल करावे.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती जागा. इन्स्टॉलर अनेकदा बूटची, म्हणजे सिस्टिम सुरू करणारी, फाईल बाहेरच्या एसएसडीवर न टाकता मशीनच्या आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (या फायलींसाठी राखलेल्या भागात) टाकतो. मग एसएसडी काढली की आतले विंडोज सुरू होताना अडखळू शकते, आणि एसएसडी दुसरीकडे नेली तर तीही उठत नाही. उपाय अगदी गावठी: इन्स्टॉल करताना आतल्या डिस्कची सॅटा केबल काढून ठेवावी, लॅपटॉप असेल तर बायोसमधून (मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमधून) डिस्क बंद करावी. पार्टिशन जीपीटी (डिस्कचे भाग पाडायची नवी पद्धत) पद्धतीचे ठेवावे. सुरुवातीला १ एमबीचे ‘बायोस ग्रब’, मग ५१२ एमबीचे फॅट३२ ईएफआय, उरलेले ईएक्सटी४ (लिनक्सची फायली साठवायची पद्धत).

डेबियनचा एक्स्पर्ट इन्स्टॉल विचारतो की ग्रबची (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची) जादा प्रत काढता येण्याजोग्या ड्राइव्हच्या ठरलेल्या जागीही ठेवायची का. तिथे ‘होय’ म्हणावे. नव्या मशीनच्या यादीत आपल्या ड्राइव्हची नोंद नसते, म्हणून ते ईएफआय फोल्डरातल्या बूट फोल्डरमध्येच शोधते. नंतर जुन्या बायोसच्या (ईएफआय नसलेल्या) मशीनसाठी ‘ग्रब-पीसी-बिन’ पॅकेज घालून त्याच एसएसडीवर ग्रब दुसऱ्यांदा, आय३८६-पीसी प्रकाराने बसवावा. मग कोअर टू ड्युओपासून आजच्या लॅपटॉपपर्यंत एकच ड्राइव्ह चालतो.

एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डासाठीचा कंपनीचा ड्रायव्हर मात्र घालू नये. तो ठराविक कार्डांपुरता असतो, दुसऱ्या कार्डावर स्क्रीन काळी करू शकतो. इंटेल आणि एएमडी दोन्हींचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या दुरुस्त्या) आणि वायफायचे फर्मवेअर (चिप चालवणारा छोटा प्रोग्रॅम) आधीच भरून ठेवावे. एफएसटॅबमध्ये (कोणते पार्टिशन कुठे जोडायचे त्या यादीत) एसडीए, एसडीबी अशी नावे न लिहिता यूयूआयडी (पार्टिशनचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहावा, कारण मशीन बदलले की ती नावे बदलतात. हायबरनेट पूर्ण बंद ठेवावे. एका मशीनवर गोठवलेली सिस्टिम दुसऱ्यावर उठवणे म्हणजे फायलींची वाट लावणे.

घड्याळ साडेपाच तास चुकले अशी तक्रार तर ठरलेलीच. विंडोज बोर्डावरचे घड्याळ स्थानिक वेळ म्हणून वाचते, लिनक्स ग्रीनिचची वेळ म्हणून. लिनक्सने नेटवरून वेळ दुरुस्त करून बोर्डावर लिहिली की पुढच्या वेळी विंडोज साडेपाच तास मागे दिसते. लिनक्सच्या ‘टाइमडेटसीटीएल’ या कमांडने बोर्डाची वेळ स्थानिक धरायला सांगावे. परदेशी मार्गदर्शक हे करू नका म्हणतात ते उन्हाळी-हिवाळी वेळेच्या भानगडीमुळे. आपल्याकडे ती भानगडच नाही.

ड्राइव्ह मागच्या पोर्टला लावावा. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची वायर लांब आणि हलकी असते, चालू कामात ड्राइव्ह सुटतो. काही जुन्या बोर्डांवर निळा यूएसबी ३ पोर्ट वेगळ्या चिपवर असतो, बायोसला तो दिसतच नाही; तिथे काळ्या पोर्टवरून बूट करावे. स्वस्त केस अडकत असेल तर यूएएस (यूएसबी डिस्कशी वेगाने बोलायची पद्धत) बंद करून पाहावे. वेग थोडा घटतो, पण अडकणे थांबते. लाईट जाण्याचा भरवसा नाही तिथे यूपीएसशिवाय डेस्कटॉपवर काम करू नये. ईएक्सटी४ सिस्टिम सावरते, अर्धी लिहिलेली हिशेबाची फाईल सावरत नाही.

ऑफिसच्या लॅपटॉपवर सिक्युअर बूटला (फक्त सही असलेली सिस्टिम सुरू होऊ देणाऱ्या सेटिंगला) हात लावू नये. डेबियन ते चालू असतानाही सुरू होते. उलट ते बदलले तर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) ४८ अंकी रिकव्हरी की मागत बसतो. आणि आतल्या विंडोजचे फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता अर्धवट गोठून राहायची सोय) चालू असेल तर त्याच्या डिस्कवर लिनक्समधून काही लिहू नये.

दुकानदारांनी मात्र आधी प्रिंटर तपासावा. कॅनन एलबीपी २९०० ला कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो लिनक्सवर छळतो. एचपी लेझरजेट १०२० ला दर वेळी चालू केल्यावर फर्मवेअर द्यावे लागते. ते एचपीच्या प्लगइनने जमते. मराठी टायपिंगला आयबस (लिनक्समधली भाषा बदलायची सोय) आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड पुरेसे आहे, पण जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधले अर्ज ज्यांच्याकडे पडून आहेत त्यांनी ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावेत.

— एक संगणक दुरुस्तीकार, चोपडा, जि. जळगाव